टँडम टपावर न्यायची, तर टोकं धरा

वाचकांचे प्रश्न : सायकल आणि प्रवास

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, शाळेत शिकवते. धाकटा भाऊ जन्मापासून दृष्टिहीन आहे. यंदा आम्ही पुण्याहून एक जुनी टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल, आणली. पुढे मी, मागे तो. सकाळी रंकाळ्याला फेरी आणि रविवारी कळंब्यापर्यंत, एवढं आता अंगवळणी पडलंय. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी मालवणला जायचं आहे आणि सायकल सोबत हवीच असा भावाचा हट्ट आहे. आमची गाडी वॅगन आर. सायकल स्टीलची, वजन २४ किलो भरलं. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर १७५ सेंमी, चाकं ७०० सीची. एक दुकानदार म्हणतो, टपावर दोन बार आणि साध्या सायकलचा स्टँड बसवून देतो, वरून सुतळीनं आवळलं की झालं. शेजारचे काका म्हणतात, एवढी लांब वस्तू टपावर न्यायचा विचारच सोडा. कुणाचं ऐकावं?

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. टँडम टपावरून जाते आणि चांगली जाते, पण साध्या स्टँडवर आणि सुतळीच्या भरवशावर नाही. माझं आयुष्य उद्यमनगरात फॅब्रिकेशनमध्ये गेलं, आता शेड मुलगा सांभाळतो. टँडमचे स्टँड आम्ही बनवून दिलेत. आमची स्वतःची टँडमही, पुढे मी आणि मागे आमच्या सौ., तशाच स्टँडवर बसून घाट उतरते. त्यामुळं हे उत्तर जरा लांबेल, पण तुम्ही मापं नीट कळवलीत म्हणून नेमकं सांगता येतंय.

लोक आधी वजनाला घाबरतात. २४ किलो दोन माणसांना जड नाही. टपाला ते पेलेल का, एवढं मात्र गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत बघून घ्या. टपावर किती भार चालतो याचा आकडा त्यात असतो, आणि त्या आकड्यात बार आणि स्टँडचंही वजन धरायचं. तुमचं सगळं मिळून पस्तीस-छत्तीस किलोच्या आसपास जाईल. पुस्तिकेत टपावर काही लादू नका असं लिहिलं असेल, तर तिथंच थांबा, मग टेम्पोचा विचार करा. टपाच्या कडेला चंदेरी पट्ट्या असतील तर त्या भार घ्यायच्या आहेत की नुसत्या शोभेच्या, तेही बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांवर त्या शोभेच्याच असतात. त्यांना बार अडकवू नका, दाराच्या चौकटीला पकडणारे बार घ्या.

खरी अडचण लांबीची आहे. तुमच्या मापावरून हिशोब करू. दोन्ही चाकांसकट सायकल साधारण २४४ सेंमी, म्हणजे आठ फूट. पुढचं चाक काढलं की २१०. टपावरच्या दोन बारमध्ये ७० सेंमी अंतर मिळालं असं धरा. म्हणजे १४० सेंमी सायकल बारच्या बाहेर राहिली, पुढं आणि मागं मिळून. साध्या सायकलची हीच बेरीज ६५ सेंमीच्या आत येते. म्हणून साध्या सायकलला जे चालतं ते टँडमला चालत नाही.

बाहेर राहिलेल्या टोकाचं काय होतं? लांब शिडी मधोमध धरून वाऱ्यात चालून बघा, म्हणजे कळेल. आकड्यात सांगायचं तर मागचं टोक मागच्या बारपासून ७० सेंमी बाहेर आहे आणि शेजारून गेलेल्या ट्रकच्या वाऱ्यानं त्या टोकाला पाच किलोचा आडवा धक्का दिला. मागच्या बारवरच्या पकडीला पाच नाही, दहा किलो सोसावे लागतात. पुढच्या बारवर त्याच वेळी पाच किलोची उलटी ओढ बसते. हे एकदा नाही, प्रत्येक ट्रकला होतं. बोल्ट असाच ढिला होत जातो. म्हणून आमच्याकडं कुणी टँडमचा स्टँड करायला आलं की मी पहिलं वाक्य हेच सांगतो : मधे कितीही आवळा, धरायची ती टोकं.

आता काम. पहिलं, दोन बारमधलं अंतर दारांच्या चौकटी देतील तेवढं वाढवून घ्या. पुढचा बार पुढच्या दारावर, मागचा मागच्या दारावर. ७० च्या जागी ९० मिळाले तर वरच्या हिशोबातले दहा किलो आठवर येतात. चार बोल्ट सरकवून एवढा फरक पडत असेल तर तो सोडू नये.

दुसरं, या बारवर आठ फुटांची एक अखंड पन्हळ बसवायची. उद्यमनगरात कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरला 'तीन मिलिमीटरचं ॲल्युमिनियम सी चॅनेल, आतून टायर बसेल एवढं रुंद' म्हटलं की कळतं. जोड नको, वेल्ड नको, अखंड तुकडा. बारला यू-बोल्टनं पकडायचं आणि नट नायलॉकचे घ्यायचे, साधे नकोत. साधा नट हादऱ्यानं सुटतो, नायलॉकच्या आतलं नायलॉनचं कडं आट्यांना धरून ठेवतं. टोकं कानशीनं गोल करून त्यांना रबरी टोप्या घाला, नाहीतर गाडी पुसताना कुणाच्या तरी कपाळाला लागेल. आणि भोकं पाडायच्या आधी डिकीचं दार पूर्ण उघडून बघा. वॅगन आरचं दार वर उघडतं. पन्हळ मागं जास्त गेली की दार तिला धडकतं, आणि मालवणला पोचल्यावर सामान मागच्या सीटवरून ओढून काढायची वेळ येते. पन्हळ थोडी पुढं सरकवली तर समोरच्या काचेच्या वर येते, ते चालतं. टपावरची अँटेना मधे येत असेल तर ती काढून ठेवा.

तिसरं, चिमटा, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं तो दोन पायांचा भाग. पुढचं चाक काढून चिमट्याचे दोन पाय पन्हळीच्या पुढच्या टोकाजवळ बसवलेल्या ठोकळ्यात बसवायचे आणि आडव्या दांड्यानं आवळायचे. क्विक रिलीजच्या (पान्याशिवाय, दांडा फिरवून सुटणाऱ्या चाकाच्या) चिमट्याची आतली रुंदी १०० मिलिमीटर असते, ठोकळा त्याच मापाचा हवा. तुमची सायकल जुनी आहे, म्हणजे क्विक रिलीज किंवा नट असलेला ॲक्सल असेल. ठोकळा करायला देताना चिमट्याचं मापच देऊ नका, सायकलच घेऊन जा. चाक काढताना क्विक रिलीजच्या दांड्यावरच्या दोन बारीक स्प्रिंगा एका पिशवीत घालून चाकालाच बांधा. डिस्क ब्रेक असेल तर दोन पॅडमध्ये प्लॅस्टिकचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा सारा. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला की हायड्रॉलिक पॅड जवळ येऊन बसतात आणि मग चाक परत आत जात नाही.

चौथं, आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचं, पट्टे. सुतळी नकोच. ती भिजली की आखडते आणि वाळली की ढिली पडते, आणि घाटात तिला भिजायला वेळ लागत नाही. नायलॉनची दोरी भिजल्यावर ताणली जाते. पॉलिस्टरचे रॅचेटचे (दांडा मागंपुढं करून आवळायचे) पट्टे घ्या, एक इंच रुंदीचे. रबरी हूकवाल्या दोऱ्या चाक किंवा पायडल डुलू नये एवढ्यासाठी ठीक, त्यांच्यावर सायकल सोपवू नका.

पट्टे बांधायचे असे. मागचं चाक पन्हळीला, रीमभोवती. मधल्या खालच्या नळीवरून एक पट्टा मागच्या बारला. हे झाले खालचे. पण सायकल पन्हळीवर मीटरभर उंच उभी असते आणि आडवा वारा वरच्या भागाला लागतो. म्हणून मागच्या सीटच्या नळीपासून दोन पट्टे खाली, मागच्या बारच्या दोन्ही टोकांना, उलट्या व्हीसारखे. असाच दुसरा उलटा व्ही पुढं, हॅण्डलच्या खालच्या जाड नळीपासून गाडीच्या नाकाकडं. बॉनेटच्या आत, मडगार्डच्या कडेला बोल्ट असतात. एकेक बोल्ट सोडून त्याखाली पट्ट्याचा मजबूत फास घालून परत आवळायचा. प्रवासात फास बाहेर काढायचा, एरवी आत दुमडून बॉनेट लावायचं. बहुतेक लोक हा पुढचा व्ही गाळतात, आणि टँडमला तोच लागतो. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर २४ किलोची सायकल जवळजवळ अठरा-एकोणीस किलोच्या जोरानं पुढं जाऊ बघते. तो सगळा जोर एकट्या चिमट्यावर येऊ द्यायचा नसतो.

पट्टा नळीवर येईल तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. रॅचेटची लोखंडी पेटी रंगावर टेकता कामा नये. तुमची फ्रेम स्टीलची आहे म्हणून थोडी सैल सूट आहे. ॲल्युमिनियमच्या पातळ नळीवर रॅचेट दणकून ओढला तर नळी चेपते, त्यामुळं त्या वाचकांनी हातानं आवळायचे पट्टे वापरावेत. चपटा पट्टा लांब ताणलेला असेल तर त्याला मधे एक पीळ द्या, नाहीतर साठच्या पुढं तो असा घुमायला लागतो की गाडीत बोललेलं ऐकू येत नाही. मागचा ब्रेक लिव्हर ट्यूबच्या पट्टीनं दाबून बांधा म्हणजे मागचं चाक फिरणार नाही. एक पायडलही फ्रेमला बांधा, टँडमवर दोघांची पायडलं एकाच साखळीनं जोडलेली असल्यानं एक बांधलं की चारही शांत.

ही मधली साखळी बहुधा डाव्या बाजूला असते. उचलताना डावीकडच्या माणसानं चांगले कपडे घालू नयेत.

उचलायचं कसं? सामान, बाटल्या, पंप, सीटवरची कव्हरं सगळं काढा. तुम्ही पुढं, भाऊ मागं, सायकलवर बसता त्याच क्रमानं. आधी फक्त पुढचा भाग वर न्यायचा, चिमटा ठोकळ्यात बसवायचा आणि आवळायचा. तेवढा वेळ मागचा माणूस मागचं टोक कमरेच्या उंचीवर धरून थांबतो. चिमटा पक्का झाल्यावरच मागचं टोक उचलून चाक पन्हळीत. पुढंमागं एकदम उचलायला गेलं की सायकल मधेच टपावर आडवी होते. तुम्ही सायकलवर बसताना भावाला 'खड्डा', 'ब्रेक', 'वळण' असं सांगत असालच. उचलतानाही एकाच माणसानं बोलायचं आणि शब्द आधी ठरवायचे : 'धर', 'वर', 'थांब', 'टेकव'. 'हां', 'हळू' असले शब्द नकोत, त्यांचे दहा अर्थ होतात. वॅगन आर १६७.५ सेंमी उंच आहे, तेव्हा दोघांपुढं दोन मजबूत, न हलणारी स्टुलं ठेवा. भावाचं स्टूल कुठं आहे आणि पन्हळ स्टुलापासून किती वर आहे, ते रिकाम्या हातानं आधी दोन-तीनदा करून बघू द्या. बांधून झाल्यावर पट्टे तपासायचं काम त्यालाच द्या. पट्टा तपासायचा तो हातानंच, डोळ्यांना ताणलेला आणि ढिला पट्टा सारखाच दिसतो. प्रत्येक पट्टा बोटानं छेडून बघायचा, ढिला पट्टा वाजत नाही.

आता उंची. गाडी, बार, पन्हळ आणि मागच्या सीटपर्यंतची सायकल मिळून तुमची गाडी २.८ मीटरच्या आसपास जाईल, म्हणजे नऊ फुटांच्या वर. स्वतः टेपनं मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. हा कागद लावायला मी आग्रहानं सांगतो, कारण वर काय आहे ते गाडी चालवताना दिसत नाही आणि अर्ध्या तासात विसरायला होतं. अपार्टमेंटच्या तळघरातलं पार्किंग, हॉटेलचा पोर्च, उंचीसाठी आडवा लोखंडी बार लावलेली फाटकं, हे सगळं तुम्हाला बंद. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेच्या गल्ल्यांतून केबलच्या वायरी लोंबतात आणि सणाच्या दिवसांत मंडपांच्या कमानी असतात, तिकडून जाऊच नका. परीख पुलाखालून जायचं झालं तर आधी रिकाम्या गाडीनं जाऊन उंची मोजून घ्या.

कायद्याचंही सांगतो, बरेच जण विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१अ) नुसार गाडीवरचा भार बाजूला, पुढं, मागं किंवा उंचीत परवानगीच्या हद्दीबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड आहे, आणि भार तिथंच उतरवावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीत हे आलं. तुमची गाडी ३६५.५ सेंमी लांब, पन्हळ २४४ सेंमीची. ती बंपरच्या आत राहते. हॅण्डल गाडीच्या रुंदीच्या आत आहे. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत. म्हणजे लांबीरुंदीत काळजी नाही. टपावर कायमचा सांगाडा मात्र वेल्ड करून घेऊ नका, चार बोल्ट काढले की टप मोकळा झाला पाहिजे.

रस्त्याचं थोडक्यात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ६० वरून ९० वर गेलात की जोर दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. म्हणून मोठ्या रस्त्यावरही सत्तरीच्या पुढं जाऊ नका. घाटात वळणावर गाडी नेहमीपेक्षा जरा जास्त कलेल, कारण वजन डोक्यावर आहे. गगनबावड्याच्या वाटेनं जात असाल तर घरून निघाल्यावर फुलेवाडीला गाडी बाजूला घ्या आणि सगळे पट्टे पुन्हा आवळा. पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्येच बसतात आणि ढिले होतात. मग कळ्याला एकदा, आणि गगनबावड्यात घाट उतरायच्या आधी एकदा. वाटेत गावागावांत गतिरोधक आहेत. आपण त्यावर बसतो, सायकल वरून आपटते, म्हणून पूर्ण हळू. दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी पन्हाळ्याला हीच गाडी अशीच बांधून नेऊन आणा. वीसेक किलोमीटर, चढ, वळणं, सगळं मिळतं, आणि घर जवळ आहे.

टेम्पोचं म्हटलं होतं. टपाचं जमलं नाही तर छोट्या हत्तीचा (टाटा एस टेम्पोचा) हौदा साधारण सात फुटांचा असतो. पुढचं चाक काढलेली २१० सेंमीची तुमची सायकल त्यात जेमतेम बसते. मालवणपर्यंतचं भाडं होईल, पण भावाची सायकल पोचेल. त्याचा हट्ट मला रास्त वाटतो. दृष्टिहीन खेळाडूंच्या सायकल शर्यती पॅरालिंपिकमध्ये टँडमवरच होतात, पुढं डोळस चालक आणि मागं खेळाडू. मागचा माणूस सामानासारखा बसलेला नसतो, निम्मी ताकद त्याची असते. आजोळी त्याला ती सायकल चालवून दाखवायची असणार.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा, वय साठच्या पुढे. सायकल टँडम आहे, पण मंडळींचे गुडघे दुखतात, त्या चालवू शकतात, उचलू शकत नाहीत. एकट्याने टपावर चढवायची काही युक्ती आहे का?

उत्तर : आहे, आणि ती फार सुंदर आहे. ठोकळा पन्हळीला पक्का न करता एका उभ्या खिळीवर बसवायचा, म्हणजे तो जागेवर गोल फिरतो. खिळीसाठी १६ मिलिमीटरचा बोल्ट, खाली-वर पितळी बुश, मधे ग्रीस. लेथवर तासाभराचं काम.

चढवताना सायकल गाडीला काटकोनात आणायची, तोंड गाडीकडं. मागचं चाक जमिनीवरच राहू द्यायचं. पुढचा भाग उचलून चिमटा ठोकळ्यात बसवायचा, ठोकळा तुमच्याकडं तोंड करून थांबलेला असतो. आवळायचं. या क्षणी सायकलचं पुढचं टोक टपावर आणि मागचं चाक जमिनीवर, अशी ती तिरकी टेकून उभी राहते. तुम्ही हात सोडून चार श्वास घेऊ शकता. मग मागं जाऊन मागच्या सीटखाली आणि चाकाच्या पुढच्या नळीला धरून मागचा भाग उचलायचा. आता निम्मंच वजन तुमच्या हातात आहे, बाकीचं ठोकळ्यानं घेतलंय. ते टोक गाडीच्या कडेकडेनं चालत मागं न्यायचं, ठोकळा आपोआप फिरत जातो, आणि चाक पन्हळीत ठेवायचं.

यात दोन गोष्टी सांभाळा. ठोकळा फिरायचं थांबला की त्यातून आडवी खीळ घालून तो कुलूपबंद झाला पाहिजे, नाहीतर प्रवासात तो तसाच फिरेल. आणि सायकल तिरकी टेकलेली असताना चिमट्याला पीळ पडतो, म्हणून खिळीला थोडं पुढंमागं कलायची मुभा हवी. बनवणाऱ्याला हे आधी सांगा. कार्बनचा चिमटा असेल तर हा प्रकार करू नका. गाडी उंच असेल तर हे एकट्यानं करायला जाऊ नका, शेजारच्या पोराला हाक मारा. वारं सुटलं असेल तरीही.

प्रश्न : कागलहून विचारतो. डिकीवर पट्ट्यांनी अडकवायचा सायकल रॅक माझ्याकडे आहे. त्यावर टँडम का नको?

उत्तर : कारण तिथं सायकल आडवी राहते. तुमच्या गाडीची रुंदी १७० सेंमी धरली आणि सायकल २४४ सेंमी, तर दोन्ही बाजूंना ३७-३७ सेंमी चाक बाहेर. शेजारून मोटारसायकल काढणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीवर. वर सांगितलेल्या कलमात हे थेट बसतं, पण दंडापेक्षा तो गुडघा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नको.

प्रश्न : कसबा बावड्यातून. पावसात टपावरून नेताना सायकलवर कव्हर घालावं का? आणि पाणी आत जाऊन नुकसान होतं का?

उत्तर : मोठं कव्हर अजिबात घालू नका. आठ फुटांचं ताडपत्रीचं कव्हर शीड होतं, वारं भरलं की वर सांगितलेले सगळे हिशोब दुप्पट-तिप्पट होतात, आणि फडफडून फडफडून ते रंगही घासून काढतं. दोन्ही सीटना प्लॅस्टिकच्या पिशव्या, खाली ट्यूबच्या पट्टीनं घट्ट बांधलेल्या, एवढं पुरे. हॅण्डलच्या खालच्या बेअरिंगवर जुन्या ट्यूबचा एक तुकडा गुंडाळा. सायकल नुसती पावसात उभी असते तेव्हा पाणी वरून पडतं. टपावर सत्तरच्या वेगानं जाताना ते समोरून आत घुसतं, आणि पहिलं इथंच घुसतं. पट्टा किंवा दोरी दारातून आत घेतली असेल तर पाणी तिच्यावरून निथळत सीटवर येतं. दाराबाहेर तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथंच टपकेल.

गगनबावड्याच्या बाजूचा पाऊस खाऊन आलेली टँडम तशीच भिंतीला लावून ठेवू नका. टँडमला दोन पायडलांच्या मधे खालून एक लांब नळी असते, साध्या सायकलला ती नसते. सीटच्या नळीतून शिरलेलं पाणी तिथं साठून राहतं आणि स्टीलची फ्रेम आतून गंजते, बाहेरून काही कळत नाही. दोन्ही सीटपोस्ट, म्हणजे सीटखालच्या दांड्या, काढा, कुठवर आत होते त्याची खूण आधी करून ठेवा, आणि सायकल उलटी करून रात्रभर निथळू द्या. पायडलच्या दोन्ही डबड्यांना, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो त्या आडव्या नळ्यांना, खालून बारीक भोक आहे का बघा. असेल तर त्यातला चिखल तारेनं मोकळा करा. नसेल तर सायकलवाल्याकडून पाडून घ्या, पण डबडं उघडून, बेअरिंग बाहेर काढूनच. सकाळी सीटपोस्टला ग्रीस लावून खुणेपर्यंत बसवा आणि दोन्ही साखळ्या कोरड्या पुसून तेल द्या. डावीकडची साखळी लोक विसरतात.